फ्रेम सोळा जणांत वाटल्या, पण हातचा कुठे गेला? (ट्रॅजेक्टरीचं विश्लेषण भरभर करताना)

दांडियाबाजारची | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बडोद्यात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. लिपिडच्या (मेदरेणूंच्या) पडद्यात बसलेलं एक प्रथिन आणि भोवती पाणी, असं माझं सिम्युलेशन आहे, म्हणजे अणूंची हालचाल संगणकावर गणिताने चालवून बघणं. ३०० लिपिड, २५,००० पाण्याचे रेणू, सगळे मिळून साधारण १,२०,००० अणू. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या प्रोग्रामवर ४०० नॅनोसेकंद चालवलं, दर १० पिकोसेकंदाला एक फ्रेम (त्या क्षणी सगळे अणू कुठे आहेत त्याची नोंद), म्हणजे ४०,००० फ्रेम. या सगळ्या मिळून ट्रॅजेक्टरी. तिची एक्सटीसी फाइल १९ जीबीची झाली आहे आणि ती एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे.

सिम्युलेशन झालं याचा आनंद दोन दिवस टिकला. आता अडकले आहे विश्लेषणात. लिपिडच्या डोक्याकडचे ऑक्सिजन आणि पाणी यांच्यातले हायड्रोजन बाँड मोजायचे आहेत. पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक फ्रेम उघडायची, सगळ्या जोड्यांची अंतरं नंपाय या गणिताच्या लायब्ररीने काढायची, ३.५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या ठेवायच्या, मग कोन बघायचा. एका फ्रेमला जवळजवळ पावणेदोन सेकंद लागतात. ४०,००० फ्रेमना एकोणीस तास.

एकोणीस तास चालले असते, पण दर वेळी काहीतरी बदलावं लागतं आणि पुन्हा एकोणीस तास. म्हणून शनिवारी मल्टिप्रोसेसिंग लावलं, म्हणजे काम अनेक कोअरना एकदम वाटून दिलं. आमच्या लॅबच्या मशीनमध्ये सोळा कोअर आणि ३२ जीबी रॅम आहे. फ्रेमचे सोळा तुकडे केले, प्रत्येकी २,५००. वाटलं, तासा-सव्वातासात काम होईल. चार तासांनी पाहिलं तर पाच टक्केही नाही. माउस हलेना. टेबलावर डब्याशेजारी ठेवलेली हार्ड डिस्क एकसारखी कर्र-कर्र करत होती आणि मशीनच्या आतूनही तसाच आवाज. शेवटी बटण दाबून बंद केलं.

माझं कुठे चुकतंय? सोळा जण लावल्यावर काम एकट्यापेक्षा हळू कसं होतं?

सुरसागर_काठ | सोमवार, रात्री ११:३५

ताई, तुझ्या आकड्यांवरूनच उत्तर निघतं, कागदावर करून बघ.

३०० लिपिड, प्रत्येकी आठ ऑक्सिजन (पीओपीसी हा लिपिड धरतो आहे), म्हणजे २,४००. पाण्याचे ऑक्सिजन २५,०००. जोड्या ६ कोटी. नंपायने वजाबाकी केलीस की प्रत्येक जोडीचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ७२ कोटी बाइट. त्याचा वर्ग केलास की तेवढाच दुसरा अ‍ॅरे. मग बेरीज आणि वर्गमूळ, प्रत्येकी २४ कोटी. एका फ्रेमसाठी एका वेळी १.९ जीबी. सोळा वर्कर (एकेक तुकडा करणारे) म्हणजे तीस जीबीच्या वर, आणि मशीन ३२ जीबीचं. त्यात तुझा ब्राउझर, लिनक्स, बाकी सगळं. रॅम संपली की मशीन स्वॅपमध्ये जातं, म्हणजे डिस्कलाच रॅम समजून लिहा-वाचायला लागतं. मशीनच्या आतला आवाज त्याचाच. वर्कर गणित करतच नव्हते, रॅममध्ये आपली पाळी यायची वाट बघत होते.

पुढच्या वेळी एका खिडकीत एचटॉप (रॅम आणि कोअर किती वापरात आहेत ते दाखवणारा प्रोग्राम) उघडून ठेव. स्वॅपची पट्टी भरायला लागली की तिथेच थांबायचं.

आणि एक. सोळा कोअर म्हणतेस ते खरे सोळा आहेत का ते एलएससीपीयू ही आज्ञा लिहून बघ. बऱ्याचदा आठच कोअर असतात, प्रत्येकावर दोन थ्रेड (एकाच कोअरवर वाटून चालणारी कामं) दाखवतात. अशा गणितात दुसऱ्या थ्रेडचा फायदा फार थोडा मिळतो.

लष्कर_ग्वाल्हेर | मंगळवार, सकाळी ७:१५

सुरसागर यांनी रॅमचं बरोबर सांगितलं, पण मला वाटतं त्याच्याही आधी एक गोष्ट आहे. ६ कोटी जोड्या काढायच्याच कशाला?

एका ऑक्सिजनच्या ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत पाण्याचे मोजके रेणू मावतात. म्हणजे कामाच्या जोड्या फार तर दहा-पंधरा हजार. उरलेल्या सगळ्या तुम्ही मोजता आणि फेकून देता. सिम्युलेशनच्या बॉक्सचे छोटे खण पाडायचे आणि प्रत्येक अणूसाठी स्वतःचा खण आणि लागून असलेले खण एवढंच बघायचं. एमडीअ‍ॅनालिसिसमध्ये (ट्रॅजेक्टरीच्या विश्लेषणाची पायथॉन लायब्ररी) हे आयतं आहे, कॅप्ड डिस्टन्स नावाने. किती अंतरापर्यंतच्या जोड्या हव्यात ते सांगितलं की खणांची किंवा केडी-ट्रीची (जागेची झाडासारखी विभागणी) पद्धत ते स्वतः निवडतं.

दुसरं, आणि हे वेगापेक्षा महत्त्वाचं. तुम्ही नुसती वजाबाकी करता आहात, म्हणजे बॉक्सच्या कडा धरलेल्याच नाहीत. उजव्या कडेचा लिपिड आणि डाव्या कडेचं पाणी हे आवर्ती सीमांमुळे (एका कडेने बाहेर गेलेलं दुसऱ्या कडेने आत येतं) खरं तर शेजारी असतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ते १० नॅनोमीटर दूर. ते बाँड मोजलेच जात नाहीत. कॅप्ड डिस्टन्सला बॉक्सची मापं दिली की हेही सुटतं.

आधी एका कोअरवर हे करून बघा. सोळाने भागायचं नंतर.

दांडियाबाजारची | मंगळवार, रात्री ९:०५

लष्करताई, मनापासून आभार. कडांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज बदललं. बाँडची संख्या प्रत्येक फ्रेममध्ये थोडी वाढली, म्हणजे आत्तापर्यंतचे आकडे कमी येत होते.

आणि वेळ: एका कोअरवर, काहीही वाटून न देता, पंचेचाळीस मिनिटं. एकोणीस तासांवरून! मी दोनदा तपासलं.

एलएससीपीयूही बघितलं. आठच कोअर आहेत, सोळा थ्रेड. आता आठ वर्कर लावू का? एमडीअ‍ॅनालिसिसच्या नव्या आवृत्तीत समांतर चालवायची आयती सोय आहे असं ऐकलं.

सुरसागर_काठ | मंगळवार, रात्री १०:२०

आहे, २.८ पासून. विश्लेषणाचा क्लास (लायब्ररीतला तयार साचा) तयार करायचा, रन म्हणताना बॅकएंड (काम वाटायची पद्धत) मल्टिप्रोसेसिंग आणि वर्कर आठ असं सांगायचं, झालं. डास्क हे काम वाटायचं दुसरं साधनही चालतं. प्रत्येक क्लासला ही सोय नाही. ज्याला नाही तो एरर देऊन थांबतो. हायड्रोजन बाँडच्या क्लासला आहे, त्यामुळे स्वतःची स्क्रिप्ट ठेवायची गरजही उरणार नाही. फक्त अंतर आणि कोन स्वतः भरायचे, तिथले ठरलेले आकडे तुझ्यापेक्षा वेगळे आहेत.

हाताने मल्टिप्रोसेसिंग करायचं असेल तर तीन गोष्टी सांभाळ.

ट्रॅजेक्टरी प्रत्येक वर्करच्या आत उघडायची. बाहेर एकदा उघडून फोर्क केलंस (चालू प्रोग्रामच्या प्रती काढल्यास) तर सगळ्या वर्करना एकच फाइल-खूण मिळते. एकाने ती पुढे सरकवली की दुसऱ्याच्या हातात भलतीच फ्रेम.

एक्सटीसीमधल्या फ्रेम दाबून भरलेल्या असतात, प्रत्येकीची लांबी वेगळी. म्हणून कुठली फ्रेम कुठल्या बाइटवर सुरू होते याची यादी पहिल्यांदा फाइल उघडताना बनते आणि ट्रॅजेक्टरीच्या शेजारी एका लपलेल्या फाइलमध्ये साठवली जाते. वर्कर सोडायच्या आधी एकदा साधं उघडून ही यादी बनवून घे, नाहीतर आठही जण तीच यादी बनवत बसतील. त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल तर ती साठवलीच जात नाही, दर वेळी पहिल्यापासून.

तिसरं, ओएमपी नम थ्रेड्स (एका वर्करने किती थ्रेड सोडायचे ते ठरवणारं सेटिंग) एकवर ठेव. वजाबाकी-वर्गाला नंपाय एकच थ्रेड वापरतो, पण मॅट्रिक्सचे गुणाकार असले तर प्रत्येक वर्कर स्वतःचे वेगळे थ्रेड सोडतो. आठाचे चौसष्ट होतात आणि एकमेकांच्या पायात येतात.

आणि फाइल आतल्या एसएसडीवर आणून घे. तुझ्या हार्ड डिस्कमधला वाचणारा हात एकच असतो. आठ जणांनी आठ ठिकाणची पानं मागितली की तो इकडून तिकडे पळतो. आपल्या सेंट्रल लायब्ररीत एकच शिपाई आणि आठ जण आठ मजल्यां-कपाटांतली पुस्तकं एकदम मागतायत, तसं. एकाने ओळीने मागितली तर तोच शिपाई भराभर आणून देतो.

नवा_विद्यार्थी | बुधवार, दुपारी १:३०

मी एमएस्सीला आहे, हे सगळं नवीन आहे. एक प्रश्न विचारू का? जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) सिम्युलेशन इतकं जलद होतं, मग विश्लेषणच का अडतं?

रावपुरा_काका | बुधवार, संध्याकाळी ६:१०

विचार रे बाळा, प्रश्न चांगला आहे.

हैदराबादेत जन्मलेले अनीसूर रहमान यांनी १९६४ साली द्रवरूप आर्गॉनचं सिम्युलेशन केलं, ८६४ अणूंचं. त्या वेळी सगळा जीव गणित करण्यातच जायचा. पुढे १९७७ मध्ये पहिल्या प्रथिनाचं झालं, तेही दहा पिकोसेकंदांच्या आतलं. या ताईच्या दोन फ्रेममध्ये जेवढं अंतर आहे तेवढंसुद्धा ते नव्हतं. सिम्युलेशन जलद करण्यासाठी पुढची कित्येक वर्षं फार हुशार माणसं खपली. विश्लेषण मात्र जो तो आपापल्या स्क्रिप्टने करत आला, बहुतेक वेळा एका कोअरवर. म्हणून आता ते अडतं. शिवाय सिम्युलेशनमध्ये डेटा जीपीयूच्या स्मृतीतच फिरत राहतो, अधूनमधून डिस्कवर उतरतो. विश्लेषणात प्रत्येक फ्रेम डिस्कवरून उचलायची, उलगडायची, मग थोडंसं गणित.

मी रसायन कारखान्यात संगणक विभागात आयुष्य काढलं, रेणूंचं मला फारसं कळत नाही. पण कोअर वाढवले की वेळ त्याच हिशेबाने घटेल हे १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी खोडून काढलं होतं. काम शंभर मिनिटांचं आणि त्यातली दहा मिनिटं वाटूनच देता येत नसतील, तर सोळा कोअरवर वेग साडेसहापटही होत नाही, ६.४ पट होतो. हजार कोअर लावा, दहापटीच्या पुढे जाणार नाही. त्यामुळे ती दहा मिनिटं कशात जातात ते आधी शोधा.

दांडियाबाजारची | गुरुवार, रात्री ११:४५

हायड्रोजन बाँड: एसएसडीवर, आठ वर्कर, सात मिनिटं. जेवायला बसायच्या आधी लावलं आणि ताट वाढेपर्यंत आकडे आले.

पण आज एक वेगळंच संकट आहे, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा आला आहे.

याच पद्धतीने मी मागच्या महिन्यात लिपिडचं पार्श्व विसरण (पडद्याच्या पातळीत लिपिड किती भरभर पसरतात) काढलं होतं. ट्रॅजेक्टरीचे सोळा तुकडे, प्रत्येक तुकड्यावर ग्रोमॅक्सच्या ट्रिजेकॉन्व्ह या आज्ञेने नोजम्प (कड ओलांडताना दिसणारी उडी काढणं), सगळे एकदम चालवले, मग जोडले आणि एमएसडी (सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी) काढला. विसरणांक अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आला. मला वाटलं प्रथिनामुळे पडदा सैल झाला असेल. तो आकडा पोस्टरच्या सारांशातही दिला आहे.

आज सहज एका लिपिडच्या केंद्राचा एक्स काढून आलेख बघितला. रेघ थरथरत जाते, बरोबर २,५०० व्या फ्रेमला एकदम १० नॅनोमीटर वर उडते, ५,००० ला पुन्हा खाली. दुसरा लिपिड बघितला, तो सरळ आहे. तिसरा २०,००० ला उडतो. बहुतेक लिपिड ठीक आहेत, कडेजवळचे मात्र उड्या मारतात, आणि सगळ्या उड्या तुकड्यांच्या सांध्यावरच.

लष्कर_ग्वाल्हेर | शुक्रवार, सकाळी ६:४०

ताई, घाबरू नका, नेमकी जागा तुम्हीच शोधली आहे.

बॉक्सच्या एका बाजूने बाहेर गेलेला रेणू दुसऱ्या बाजूने आत येतो. नोजम्प काय करतं, तर प्रत्येक फ्रेममध्ये मागच्या फ्रेमशी ताडून पाहतं. रेणू एका फ्रेममध्ये अर्ध्या बॉक्सपेक्षा जास्त सरकलेला दिसला, तर तो सरकला नाही, कड ओलांडली, असं धरून एक बॉक्स मिळवतं किंवा वजा करतं, आणि ती भरपाई पुढच्या सगळ्या फ्रेमना लागू राहते.

बेरजेतला हातचा असतो तसं आहे हे. तुम्ही सोळा रकान्यांची बेरीज सोळा जणांना वाटली आणि प्रत्येकाने हातचा शून्य धरून सुरुवात केली. ज्या लिपिडने कड ओलांडलीच नाही त्याला हातचा नाही, त्याचं उत्तर बरोबर. ज्याने ओलांडली त्याचा हातचा सांध्यावर हरवला. ३०० पैकी थोडेच असले तरी १० नॅनोमीटरच्या उडीचा वर्ग १०० होतो. लिपिड ४०० नॅनोसेकंदांत खरं सरकतो त्याचा वर्ग त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणून थोड्या लिपिडनी सगळी सरासरी बिघडवली.

हायड्रोजन बाँडमध्ये हे होत नाही, कारण तिथे एका फ्रेमला दुसऱ्या फ्रेमचं काही विचारावं लागत नाही. आरएमएसडी (रचना मूळ रचनेपासून किती ढळली) तसंच, अंतरं तशीच. आरएमएसएफला (अणू आपल्या सरासरी जागेभोवती किती हलतो) सरासरी लागते, पण प्रत्येक तुकड्याने आपली संख्या, सरासरी आणि वर्गांची बेरीज आणून दिली की ती नीट जोडता येते. बाँड किती काळ टिकला हे मोजायचं असेल तर मात्र सांध्यावर पुन्हा हातचा आहे: तुकड्याच्या शेवटी जिवंत असलेला बाँड पुढच्या तुकड्यात चालू आहे का ते पाहावंच लागतं.

सुरसागर_काठ | शुक्रवार, सकाळी ९:३०

यावर उपाय फार सोपा आहे, नोजम्प समांतर करायच्या फंदातच पडू नकोस.

विसरणासाठी तुला पाणी नको, प्रत्येक अणूही नको. प्रत्येक लिपिडचं केंद्र हवं. तर आठ वर्करना एवढंच काम दे: फ्रेम उघड, कडेवर तुटलेले लिपिड जोडून अखंड कर, ३०० केंद्रं काढ, बॉक्सची मापं सोबत ठेव. रेणू अखंड करणं हे त्याच फ्रेममधल्या बंधांवरून होतं, मागची फ्रेम लागत नाही. म्हणजे हातचा नाही, खुशाल वाट.

मग हाती काय येतं बघ. ३०० केंद्रं, ४०,००० फ्रेम, तीन आकडे, ४ बाइट: १४४ एमबी. १९ जीबीचं १४४ एमबी झालं. त्यावर नोजम्प एकाच कोअरवर, पहिल्या फ्रेमपासून ओळीने कर. काही सेकंदांचं काम आहे. रावपुरा काका म्हणाले ती न वाटता येणारी दहा मिनिटं अशी सेकंदांवर येतात.

त्यानंतर एमएसडी. तिथे सगळ्या फ्रेमच्या जोड्या घेतल्यास तर एका लिपिडला ८० कोटी. एफएफटीची (जलद फूरिए रूपांतराची) पद्धत वापर, एमडीअ‍ॅनालिसिसमध्ये आहे. आणि वाटायचंच असेल तर तिथे लिपिड वाट, फ्रेम नाही. एका लिपिडच्या एमएसडीला दुसऱ्या लिपिडचं काही लागत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर | शुक्रवार, सकाळी १०:०५

सुरसागर यांच्या रीतीत दोन गोष्टींची भर घालते. फाइल हलकी करायला दर शंभरावी फ्रेम घ्यायची सवय असते, ती नोजम्पच्या आधी घेऊ नका. फ्रेममधलं अंतर वाढलं की रेणू खरंच अर्धा बॉक्स सरकू शकतो आणि मग ओलांडलं की सरकलं हे ओळखता येत नाही. लिपिडला बहुधा निभेल, पाण्याला नाही. आणि एमएसडीच्या आधी पडद्याच्या वरच्या आणि खालच्या, प्रत्येक थराची एकूण सरकण वजा करा. दोन थर एकमेकांवरून घसरतात, ती घसरण विसरणात मोजली जाऊ नये.

नवा_विद्यार्थी | शुक्रवार, दुपारी २:००

पण मग तुकडे केल्यावर उत्तर बरोबर आलं हे ओळखायचं कसं? ताईंचा विसरणांक चुकीचा आहे हे महिनाभर कळलं नाही.

रावपुरा_काका | शुक्रवार, संध्याकाळी ७:२५

आम्ही पगाराचे हिशेब नव्या यंत्रावर टाकले तेव्हा तीन महिने जुनं यंत्र आणि नवं यंत्र दोन्ही चालवत होतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ बघायचो. इथेही तेच. पहिल्या २,००० फ्रेम घ्यायच्या, एकदा एका कोअरवर, एकदा चार तुकड्यांत, आणि दोन उत्तरं ताडायची. तुकडे चार हवेत, म्हणजे सांधे तीन तरी येतात. सांधाच नसलेल्या चाचणीत ताईची चूक सापडली नसती. शेवटच्या दशांशाला थोडा फरक येईल, कारण बेरजेचा क्रम बदलतो. त्याला घाबरायचं नाही. फरक त्याच्या वर गेला तर थांबायचं.

लष्कर_ग्वाल्हेर | शुक्रवार, रात्री ८:००

काका, एक जोड देते: त्या २,००० फ्रेममध्ये एखाद्या लिपिडने कड ओलांडलेली असायला हवी. नसेल तर मुद्दाम तसा टप्पा शोधून घ्या.

दांडियाबाजारची | रविवार, रात्री १०:१५

सगळं नव्याने केलं. केंद्रं काढायला आठ वर्करना सहा मिनिटं, नोजम्पला तीन सेकंद. कड ओलांडणारा टप्पा १२,००० व्या फ्रेमच्या आसपास सापडला. तिथल्या २,००० फ्रेम एका कोअरवर आणि चार तुकड्यांत चालवल्या, केंद्रं तंतोतंत जुळली. मग जुन्या पद्धतीनेही चालवून बघितलं, मुद्दाम. उडी तिथेच होती, सांध्यावर.

नवा विसरणांक जुन्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. प्रथिनामुळे पडदा सैल झाला हे माझं म्हणणं टिकत नाही. काल सरांना फोन करून सगळं सांगितलं, त्या लिपिडचा उड्यांचा आलेखही पाठवला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, सारांश दुरुस्त करून पाठवू, आणि हा आलेख लॅबमध्ये सगळ्यांना दाखव. आज दुपारी दुरुस्त सारांश गेला.

आमच्या लॅबमध्ये अजून दोघी तीच तुकड्यांची स्क्रिप्ट वापरतात, माझ्याकडूनच घेतलेली. त्यांच्या ट्रॅजेक्टरी उद्या सकाळी पहिल्यांदा तपासणार आहे. नवा_विद्यार्थी, तूही बडोद्यातच असशील तर ये, ११ वाजता बसतो आहोत. पेन ड्राइव्हवर २,००० फ्रेमचा तो टप्पा आणि दोन्ही स्क्रिप्ट तुला देते.

नवा_विद्यार्थी | रविवार, रात्री १०:२२

येतो ताई. फतेहगंजहून निघतो, साडेदहालाच पोचेन.